एका संख्येचा कुलवृत्तान्त

महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापून प्रसिद्ध झालेले आहेत. त्या जाडजूड ग्रंथांत मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, घराण्याच्या शाखा आणि त्या शाखांतील माणसे यांची नोंद असते. बाहेरच्या वाचकाला तीत फारसे स्वारस्य वाटत नाही. त्या कुळातला मनुष्य मात्र एकेका नावावर बोट ठेवून ती पाने वाचतो. चाळीसगावजवळ पाटणे येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. त्यात 'लीलावती'कर्त्या भास्कराचार्यांची वंशावळ कोरलेली आहे. गणितज्ञाचे कुळ असे दगडावर टिकून राहिले. पण ज्या संख्यांपायी गणितज्ञ आपले आयुष्य वेचतो, त्या संख्यांनाही कुळ असते, याची जाणीव सहसा नसते. संख्येलाही जन्म असतो, शरीर असते, आप्त असतात आणि क्वचित जनकही असतो. अशाच एका संख्येचा हा वृत्तान्त आहे.

ती संख्या सतरा अंकांची आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. 'लीलावती'च्या आरंभी भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या नावांनी ही संख्या वाचू गेल्यास ती अशी वाचली जाते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. परार्धाचे अठरावे स्थान तेवढे रिकामे राहते. बाकीच्या सतरा स्थानांपैकी प्रत्येक स्थानावर कोणी ना कोणी बसलेले आहे आणि शून्याला कोठेच जागा नाही. अर्बुदाच्या स्थानी असलेला नऊ हा अंक या संख्येचे शिखर होय. एका बाजूने नऊ पायऱ्या चढून जावे आणि तितक्याच पायऱ्यांनी दुसऱ्या बाजूस उतरावे, अशी तिची रचना आहे. उजवीकडून वाचली तरी ती बदलत नाही.

तिचा जन्म मात्र अगदी साध्या घरातला. नऊ वेळा एक हा अंक ओळीने लिहिला की १११११११११ ही संख्या तयार होते. या संख्येला तिनेच गुणले की ही शिडी उभी राहते. गुणाकार पाटीवर मांडून पाहिला तर त्यातले गूढ तत्काळ उकलते. गुणकातला प्रत्येक अंक एक असल्यामुळे पाटीवर नऊ ओळी उतरतात आणि त्या नवही ओळींत नऊ एकांखेरीज दुसरे काही नसते. प्रत्येक ओळ मात्र वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. आता बेरीज करायची. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक सापडतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन; मधल्या स्तंभात नऊच्या नऊ ओळी एकत्र येतात आणि तेथून पुन्हा एकेक ओळ गळू लागते. कोणत्याही स्तंभात बेरीज नऊच्या पलीकडे जात नाही, म्हणून कोठेही हातचा घ्यावा लागत नाही. तिसरीचौथीतल्या मुलालाही हा गुणाकार साधेल. आणि साधल्यावर त्याला जो आनंद होईल, तो कोणत्याही प्रौढ गणितज्ञाच्या आनंदाहून निराळा नसेल.

या कुळाला नाव मिळाले ते एका रेल्वे स्थानकावरून. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या मार्गावर, आज डोंबिवली म्हणून ओळखले जाणारे स्थानक आहे. 'डेम्लो' या नावाने त्याची नोंद गणिताच्या वाङ्मयात राहिली आहे. या प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करावा अशी कल्पना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना तेथे सुचली आणि त्यांनी त्यांना डेम्लो संख्या हे नाव दिले. शोधाला गुरूचे, राजाचे वा देवतेचे नाव देण्याची प्रथा जुनी आहे. स्थानकाचे नाव देणारा माणूस विरळाच. १, १२१, १२३२१ अशा चढत जाणाऱ्या मालिकेतील नववी संख्या म्हणजे प्रस्तुत वृत्तान्ताची नायिका.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. ठाण्यात शालेय शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात उच्च शिक्षण, १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, १९२९ साली पदवी, असा हा क्रम होता. पुढे पदव्युत्तर अभ्यास झाला नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत अध्यापन केले. या बत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून मुलांच्या किती वह्या गेल्या असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही. त्या वह्यांच्या सोबतीने त्यांच्या स्वतःच्या वह्याही भरत गेल्या. १९४६ साली त्यांना ६१७४ या संख्येचा विलक्षण गुण गवसला. सगळे सारखे नसतील असे कोणतेही चार अंक घ्यावेत, ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया करीत राहावे. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ हाती येते, आणि मग ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा तेच उत्तर. हा शोध आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. त्या वेळी मात्र त्यांची बरीचशी पुस्तके लहान पुस्तिकांच्या रूपाने, देवळालीहून, स्वखर्चाने निघत. विद्यापीठीय गणिताच्या दरबारात त्यांच्या कामाला मानाचे आसन नव्हते.

परंतु डेम्लो संख्येचे कुळ कापरेकरांच्याही फार पूर्वीचे आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्य नावाचा जैन गणिती होऊन गेला. त्याच्या 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या येते. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि नंतर क्रमाने उतरणारी, असे तिचे वर्णन त्याने केले आहे. २७९९४६८१ या संख्येला ४४१ ने गुणून ती मिळते. अशा गुणाकारांना त्याने गळ्यातल्या कंठीची उपमा दिली. उपमा अत्यंत समर्पक आहे. कारण कंठीचे मणी कोणत्याही टोकाकडून मोजले तरी क्रम तोच राहतो. महावीराचार्याची कंठी म्हणजे सहा एकांचा वर्ग. कापरेकरांची नऊ एकांची शिडी तिची धाकटी बहीण ठरते. दोघींमध्ये सुमारे अकरा शतकांचे अंतर आहे. एकीचे वर्णन राजाश्रयाच्या काळातल्या गणित्याने केले, दुसरीला रेल्वे स्थानकाचे नाव शाळामास्तराने दिले. दोघांच्या मनातले कौतुक मात्र एकाच जातीचे दिसते.

कुळाची ओळख झाल्यावर शरीराची तपासणी करणे क्रमप्राप्त आहे. संख्येचे शरीर म्हणजे तिचे मूळ अवयव. १११११११११ या संख्येचे अवयव पाडले असता ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे मिळतात. ३३३६६७ ही सहा अंकी संख्या स्वतः मूळ संख्या आहे. ती याहून फुटत नाही. नायिका ही या संख्येचा वर्ग असल्यामुळे तिच्यात प्रत्येक अवयव दुपटीने येतो: तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. यांपैकी सदतीस हा अंकगणिताच्या शिक्षकाचा जुना मित्र. तीनसे गुणला की १११ होऊन तो मुलांना चकित करतो. सदतीस आणि ३३३६६७ यांचा गुणाकार १२३४५६७९ होतो. चढत्या अंकांच्या या ओळीतून आठ गळालेला आहे, आणि तिलाच नऊने गुणले की नऊ एक पुन्हा रांगेत उभे राहतात. नऊ एक हे शिडीचे मूळ आणि नऊ एकांच्या पोटात ही आठ नसलेली ओळ, अशी घडणीत घडण आहे.

या अवयवांवरून तिला एकूण पंचेचाळीस विभाजक आहेत असे काढता येते. विभाजक बहुधा जोडीने येतात, म्हणून त्यांची संख्या सम असते. ती विषम निघाली की समजावे, एक विभाजक स्वतःचीच जोडी आहे. म्हणजे ती संख्या पूर्ण वर्ग आहे. ग्रीक गणिती निकोमाखस याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी संख्यांची तीन वर्गांत विभागणी केली होती. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येएवढी झाली तर ती पूर्ण, अधिक झाली तर विपुल आणि कमी पडली तर न्यून. त्याने या वर्गांना नैतिक अर्थही चिकटवला. विपुल संख्येत त्याला जादा अवयवांच्या प्राण्याचे वैरूप्य दिसले, न्यून संख्येत अवयव गमावलेल्याचे व्यंग, आणि पूर्ण संख्येत सद्गुणाचा समतोल. त्याच्या न्यायासनासमोर ही शिडी न्यून ठरते. तिच्या उरलेल्या चव्वेचाळीस विभाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीशीच अधिक भरते. बाहेरून इतकी डौलदार दिसणारी संख्या आतून उणी असावी, यात विस्मय वाटण्याचे कारण नाही. रूप आणि घडण यांचा परस्परसंबंध माणसांतही असाच सैल असतो.

येथपर्यंत जे सांगितले त्यांतले अवयवांचे गुण कोणत्याही लिपीत, कोणत्याही देशात, कोणत्याही ग्रहावर तसेच राहतात. नायिका रोमन अक्षरांत लिहिली काय किंवा गारगोट्यांच्या ढिगाने दाखवली काय, तीन आणि सदतीस तिला निःशेष भागणारच. कापरेकरांचे मन ज्या गुणांत रमत असे ते मात्र निराळ्या प्रकारचे आहेत. संख्या दशमान पद्धतीने लिहिली, तिचे अंक डोळ्यांसमोर आले, की मगच ते गुण प्रकट होतात. अशा गुणांवरून त्यांनी संख्यांचे अनेक वर्ग पाडले आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिले. त्यांच्याच वर्गांत त्यांची डेम्लो संख्या कोठे बसते, हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिला वर्ग हर्षद संख्यांचा. आपल्या अंकांच्या बेरजेने जी संख्या निःशेष भागली जाते ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. पुढे आयव्हन निव्हेन या गणित्याच्या १९७७ सालच्या एका व्याख्यानानंतर याच संख्यांना निव्हेन संख्या असेही म्हटले जाऊ लागले. परंतु कापरेकरांचे संस्कृत नाव लोपले नाही. शिडीच्या सतरा अंकांची बेरीज ८१ होते. तिच्या शरीरात तीन चार वेळा येतो, म्हणजे ८१ तिच्यात आधीच वसलेला आहे. तेव्हा ती हर्षद ठरते. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो त्या आठ गळालेल्या १२३४५६७९ चा वर्ग असतो. या मालिकेतील पहिल्या नऊ संख्यांपैकी पहिली, तिसरी आणि नववी एवढ्याच हर्षद आहेत; महावीराचार्याची कंठी त्यांत बसत नाही. दुसऱ्या कोणी सुचवलेला 'आनंदी संख्या' हाही एक वर्ग आहे. अंकांच्या वर्गांची बेरीज पुनःपुन्हा करीत गेल्यावर जी एकापाशी पोचते ती आनंदी. शिडी ४८९ पासून १६१, ३८, ७३, ५८ अशी उतरत एका चक्रात अडकते आणि एकापर्यंत कधीच पोचत नाही. दुसऱ्यांना हर्ष देणारी ही संख्या स्वतः आनंदी नाही, असा शब्दांचा खेळ येथे आपोआप जुळून येतो.

दुसरा वर्ग कापरेकर संख्यांचा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे केले तर त्यांची बेरीज पुन्हा ४५. नऊ एकांच्या संख्येला हाच न्याय लावावा म्हटले तर तिच्या वर्गाचे, म्हणजे शिडीचे, दोन तुकडे करावे लागतात: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज येते ९९९९९९९९९. मूळ संख्या परत येत नाही, तिची नऊपट येते. म्हणून नऊ एकांना कापरेकर संख्या म्हणता येत नाही. नऊ नव्वांना मात्र म्हणता येते, कारण त्यांचा वर्ग दुभंगून बेरीज केली की नऊ नव्वेच परत मिळतात. चढण आणि उतरण एकत्र आली की सगळीकडे सारखी उंची होते, असा या बेरजेचा अर्थ आहे.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केंब्रिजचे जी. एच. हार्डी हे विसाव्या शतकातले थोर गणिती, रामानुजनांचे आश्रयदाते आणि सहकारी. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात त्यांनी अशा अंकाधिष्ठित गुणांची दोन उदाहरणे दिली. ८७१२ ही संख्या तिच्या उलट्या रूपाची, २१७८ ची, चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट आहे, हे त्यांतले एक. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, खऱ्या गणितज्ञाला त्यांत काही मिळत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यामागचा युक्तिवाद बळकट आहे. दहाचा पाया हा हातांच्या बोटांचा अपघात आहे. माणसाला बारा बोटे असती तर हे सगळे गुण मावळले असते. जे बोटांवर अवलंबून आहे ते संख्येचे सत्य नव्हे, संख्येच्या वेषाचे वर्णन होय. कापरेकरांना विद्यापीठीय वर्तुळात जी उपेक्षा भोगावी लागली तिच्यामागे बहुतांशी हीच दृष्टी होती. एका शिक्षकाने आपल्या आयुष्याची सगळी फुरसत वेषाच्या वर्णनात घालवली असेल, तर त्या आयुष्याचे मोल काय, हा प्रश्न त्यातून उरतो.

या प्रश्नाचे उत्तर स्वतः डेम्लो संख्याच काही अंशी देते. तिची शिडी दहाच्या पायावर अवलंबून आहे हे खरे, पण कितपत? आठच्या पायावर मोजणारी माणसे असती तर त्यांच्या पाटीवर सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा उमटला असता. बाराच्या पायावर मोजणाऱ्यांना अकरा पायऱ्यांची शिडी मिळाली असती. प्रत्येक पायाला त्याच्या मापाची एक शिडी असते आणि तिच्या पायऱ्या पायापेक्षा नेमक्या एकाने कमी असतात. याचे कारण पाटीवरच्या त्या स्तंभांत आहे: जोवर हातचा येत नाही तोवर ओळींची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. दहाच्या पायात नऊ पायऱ्या मावतात, दहावी मावत नाही. दहा एकांचा वर्ग करून पाहिला की १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते. मधल्या स्तंभात दहाची बेरीज होते, हातचा शेजारच्या घरात जातो, तेथला नऊही दहा होतो, पुन्हा हातचा जातो आणि आठाच्या जागी नऊ बसतो. शिखराच्या जागी दोन शून्ये उरतात. तेव्हा नवव्या संख्येचे सौंदर्य केवळ योगायोगाचे नाही. एक नियम आपल्या मर्यादेच्या अगदी काठावर येऊन उभा राहिला की कसा दिसतो, ते ती दाखवते. वेष नीट पाहिला तर आतल्या देहाची ठेवणही कळते, एवढे तरी हार्डींच्या आक्षेपाला उत्तर देता येईल. आणि ज्या १७२९ या टॅक्सीच्या क्रमांकाला हार्डींनी नीरस म्हटले व ज्यात रामानुजनांना दोन घनांच्या बेरजेचे वैभव दिसले, त्या संख्येच्या अंकांची बेरीज १९ असून १९ ने ती भागली जाते. तीही हर्षदच होती.

कापरेकरांच्या वर्गांतील सर्वांत काव्यमय वर्ग शेवटी राहिला आहे. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. १५ मध्ये एक आणि पाच मिळून ६ मिळवले की २१. म्हणून १५ ही २१ ची जनक संख्या. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. दोन प्रवाह जेथे मिळतात असा तो संगम. पण २० ला जनक कोणीच नाही. कोणत्याही संख्येत तिची अंकबेरीज मिळवून २० येत नाही. अशा जनकहीन संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू संख्या म्हटले. ज्या गावात त्यांची हयात गेली त्या गावावरून त्यांना देवळाली संख्या हेही नाव आहे. स्वयंभू हा शब्द मराठी मनाला नवा नाही. जे लिंग कोणी घडवले नाही, जी मूर्ती कोणी स्थापिली नाही, जमिनीतून आपोआप वर आली, तिला ग्रामस्थ स्वयंभू म्हणतात. कापरेकरांनी तो शब्द देवळातून उचलून अंकगणितात ठेवला. १९५९ आणि १९६३ साली या संख्यांवरील त्यांची पुस्तके देवळालीहून प्रसिद्ध झाली.

तर मग त्यांच्या डेम्लो शिडीला जनक आहे काय? हा शोध कागद-पेन्सिलीने पुरा करता येतो आणि त्याची रीत नमूद करण्यासारखी आहे. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३ होऊ शकते. म्हणून जनक असलाच तर तो शिडीच्या खाली १५३ च्या आत असला पाहिजे. शिडीचे शेवटचे तीन अंक ३२१ आहेत. त्यांतून १५३ पर्यंत काहीही वजा केले तरी आधीच्या चौदा अंकांना धक्का लागत नाही आणि त्या चौदा अंकांची बेरीज ७५ वर स्थिर राहते. दुसरे असे की संख्या आणि तिची अंकबेरीज यांना नऊने भागले असता बाकी सारखीच उरते. शिडीला नऊने भाग जातो, म्हणून जनकालाही जावा लागतो. हे जमेला धरले तर जनकाच्या शेवटच्या तीन अंकांची बेरीज ६ किंवा १५ हीच असू शकते, आणि एकूण अंकबेरीज ८१ किंवा ९०. एवढे दोनच उमेदवार उरले. ३२१ मधून ९० वजा केले तर २३१. अंकबेरीज ८१ येते, ९० नव्हे. हा उमेदवार बाद. ३२१ मधून ८१ वजा केले तर २४०; अंकबेरीज ७५ आणि ६ मिळून ८१. जनक सापडला, आणि तो एकटाच आहे: १२३४५६७८९८७६५४२४०.

आता वंशावळीत एक पिढी मागे जाऊन या जनकाचा जनक शोधावा. रीत तीच, उमेदवारही तेच दोन. २४० मधून ८१ वजा केले तर १५९. अंकबेरीज ७५ आणि १५ मिळून ९० होते. २४० मधून ९० वजा केले तर १५०; अंकबेरीज ७५ आणि ६ मिळून ८१ होते. एक्क्याऐंशी जेथे हवे तेथे नव्वद येतात आणि नव्वद जेथे हवेत तेथे एक्क्याऐंशी. दोन्ही किल्ल्या समोर आहेत, पण दोन्ही एकमेकींच्या कुलपांत अडकल्या आहेत. तिसरी किल्ली नाही. म्हणजे शिडीच्या जनकाला जनक नाही. तो स्वयंभू आहे.

या गोष्टीचे अवडंबर माजवण्याचे कारण नाही. दर दहा संख्यांमागे साधारण एक संख्या स्वयंभू असते. तेव्हा हा काही दैवी संकेत नव्हे. तरीही वंशावळ पुरी मांडली की ती पाहत राहावीशी वाटते. मूळ पुरुष स्वयंभू. त्यातून ८१ च्या अंतरावर डेम्लो शिडी. तिच्या पुढे आणखी ८१ वर तिची संतती, १२३४५६७८९८७६५४४०२. या तिन्ही पिढ्यांची अंकबेरीज ८१ आणि तिन्हींना ८१ ने भाग जातो. तीन पिढ्या ओळीने हर्षद. चौथ्या पिढीत अंकबेरीज ९० होते, संख्या मात्र विषम राहते, भाग जात नाही आणि घराण्याचा हर्ष तेथे संपतो. बहुतेक घराण्यांच्या इतिहासात असेच काहीसे घडत आलेले आहे.

कापरेकरांच्या नावाला जगात मान्यता मिळाली ती उशिरा. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या संख्यांविषयी लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव देशोदेशींच्या वाचकांपर्यंत पोचले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीसच त्यांचे निधन झाले. आज संख्यांच्या कोशांत कापरेकर, हर्षद, डेम्लो, देवळाली ही नावे सुखाने नांदत आहेत. त्यांच्या गांभीर्याविषयीचा वाद मिटलेला नाही आणि मिटावा असेही नाही. संख्या अनंत आहेत. त्यांतल्या बहुतेक कोणाच्याही ओळखीवाचून राहणार आहेत. त्यांच्यापैकी काहींना कोणीतरी नावाने हाक मारली, त्यांचे आप्त शोधले, त्यांना गाव दिले, हे काम लहान आहे की मोठे, याचा निवाडा हिशेबाच्या वहीत होत नाही.

मुंबईहून जी. आय. पी. रेल्वेचा तो जुना मार्ग डोंबिवली, कल्याण करीत घाट चढतो आणि इगतपुरीवरून देवळालीस पोचतो. ज्या दोन गावांवरून या संख्यांना नावे मिळाली ती दोन्ही स्थानके त्या एकाच मार्गावर आहेत. डेम्लो संख्येचा एकमेव जनक स्वयंभू निघाला आणि स्वयंभू संख्येचे दुसरे नाव देवळाली संख्या. तेव्हा या संख्येचा कुलवृत्तान्त कधी छापला गेलाच, तर त्याच्या पहिल्या पानावर 'मूळ गाव' या रकान्यात कोणते नाव लिहावे, याविषयी संदेह राहत नाही. तेथे देवळाली असेच लिहावे लागेल.